वावटळ आणि तापलेली जमीन : जळिताच्या कथनातील निष्पापतेचा प्रश्न

१

एखाद्या समूहावर कोसळलेल्या आपत्तीचे कथन त्याच समूहातला लेखक करतो, तेव्हा त्याच्यापुढे एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्यांची घरे जळाली, माणसे मारली गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सुटले, त्यांचे दुःख खरे असते. त्याला साक्षीपुराव्याची गरज नसते. परंतु तो समूह आपत्तीपूर्वीच्या समाजरचनेत वरच्या पायरीवर उभा असेल, तर दुःखाच्या कथनाबरोबर निष्पापतेचा एक अनुच्चारित दावाही केला जातो. आमचे काही चुकले नव्हते, तरी आमच्यावर ही वेळ आली, असा त्या दाव्याचा आशय असतो. हा दावा मान्य केला तर आपत्तीची ऐतिहासिक कारणे दृष्टीआड होतात. अमान्य केला तर जळिताचे समर्थन केल्यासारखे होते. या दोन्ही टोकांपासून दूर राहून दुःख सांगता येते काय, हा केवळ नीतिशास्त्राचा प्रश्न नाही. निवेदकाची जागा, काळाची मांडणी, रूपकाची निवड आणि 'दुसऱ्या'ला दिलेला अवकाश या सगळ्यांशी तो निगडित असल्यामुळे तो मूलतः वाङ्मयीन रूपाचा प्रश्न ठरतो.

मराठी साहित्यात हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उपस्थित करणारी कृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' (१९६४) ही कादंबरी. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे हा पुण्यातून पत्र चालविणारा चित्पावन ब्राह्मण होता, हे कळताच पुणे, मुंबई या शहरांत आणि विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील खेड्यांत ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. 'अठ्ठेचाळीसचे जळीत' या नावाने ही घटना लोकस्मृतीत राहिली. मराठी ललित साहित्याने मात्र तिच्याविषयी दीर्घकाळ मौन पाळले. हे मौन आणि त्याला अपवाद ठरलेली ही छोटी कादंबरी यांचा अर्थ लावताना अशाच पेचातून गेलेल्या दुसऱ्या एका समूहाचे साहित्य शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. तो समूह म्हणजे रशियन राज्यक्रांतीनंतरच्या यादवी युद्धात होरपळलेला दक्षिण युक्रेनमधील मेनोनाइट शेतकऱ्यांचा समाज.

२

सोळाव्या शतकातील डच धर्मसुधारक मेनो सिमन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ख्रिस्ती पंथ प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्मा, शपथ घेण्यास नकार आणि शस्त्र न उचलण्याचे व्रत या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. भारतात या पंथाचे मिशन १८९९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांतातील धमतरी येथे सुरू झाले. रशियातील मेनोनाइटांचा इतिहास मात्र निराळा आहे. विस्तुला नदीच्या त्रिभुज प्रदेशातून ते रशियन साम्राज्यात आले आणि त्यांनी १७८९ मध्ये खोर्टित्सा व १८०४ मध्ये मोलोच्ना अशा दोन मोठ्या वसाहती स्थापन केल्या. त्यांना भरपूर जमीन मिळाली. झार पहिला पॉल याने १८०० मध्ये दिलेल्या सनदेने लष्करी सेवेतून सूट मिळाली. स्वतःच्या शाळा व स्वतःचा ग्रामकारभार राखण्याची मुभा मिळाली. शंभर वर्षांत ही खेडी संपन्न झाली. त्यांच्यातूनच मोठे जमीनदार निर्माण झाले आणि त्यांच्या शेतांवर भोवतालचे युक्रेनियन व रशियन शेतमजूर राबू लागले. पुढे ज्याच्या सैन्याने या वसाहतींत हाहाकार माजविला, तो अराजकवादी नेता नेस्तर माख्नो पोरवयात मेनोनाइट जमीनदाराच्या शेतावर राबला होता.

१९१८ मध्ये जर्मन सैन्याने युक्रेन व्यापले, तेव्हा जर्मन भाषा बोलणाऱ्या मेनोनाइटांनी त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी लिख्टेनाऊ येथे भरलेल्या परिषदेत शस्त्र उचलावे की नाही हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपविण्यात आले आणि वसाहतींत सशस्त्र स्वसंरक्षण दले उभी राहिली. जर्मन सैन्य माघारी गेल्यावर १९१९ च्या शरद ऋतूत माख्नोच्या फौजा या खेड्यांत आल्या. आइखेनफेल्ड या गावात ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत सुमारे ऐंशी माणसे मारली गेली. पाठोपाठ टायफसची साथ आणि १९२१-२२ चा दुष्काळ आला. १९२३ पासून त्या दशकाच्या अखेरपर्यंत सुमारे वीस हजार मेनोनाइट कॅनडात गेले.

या आपत्तीचे कथन करण्यासाठी त्यांच्यापाशी एक सिद्ध वाङ्मयप्रकार होता. टीलमान फान ब्राख्ट याने १६६० मध्ये संकलित केलेला हुतात्म्यांच्या चरित्रांचा डच ग्रंथ मेनोनाइट घरांत बायबलच्या खालोखाल वाचला जात असे. त्यातील डर्क विलेम्स याची हकीकत सर्वश्रुत आहे. गोठलेल्या पाण्यावरून पळणारा हा कैदी, पाठलाग करणारा बर्फातून पाण्यात पडल्याचे पाहून मागे फिरला, त्याला वाचविले, पकडला गेला आणि १५६९ मध्ये जिवंत जाळला गेला. या कथेच्या संरचनेत पीडित आणि पीडक यांच्यातील नैतिक अंतर पूर्णपणे निश्चित आहे. विसाव्या शतकातील मेनोनाइटांना आपली हकीकत या साच्यात बसविण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. परंतु साचा आणि वास्तव यांत एक फट पडली होती. स्वसंरक्षण दलांनी बंदूक उचलली होती, आणि तिच्याही आधी शेतमालक व शेतमजूर यांच्यातील अंतराने पंथाच्या बंधुभावाची मर्यादा उघड केली होती. या फटीत शिरण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांचेच लेखन श्रद्धांजलीच्या पलीकडे जाऊन साहित्य झाले.

डीट्रिख नॉयफेल्ड या शिक्षकाचे १९२१ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेले दिनलेखवजा पुस्तक हा या लेखनाचा आरंभबिंदू मानता येईल. दिनलेखाच्या रूपाला भविष्य ठाऊक नसते, त्यामुळे त्यात हुतात्म्याचा महिमा रचायला अवधी मिळत नाही. पुढच्या पिढीत रूडी वीब यांनी 'द ब्लू माउंटन्स ऑफ चायना' (१९७०) या कादंबरीत एकच निवेदक न ठेवता अनेक आवाजांतून ही पांगापांग मांडली. सँड्रा बर्डसेल यांच्या 'द रशलेंडर' (२००१) या कादंबरीची रचना अधिक बोलकी आहे. ती मृतांच्या यादीने सुरू होते. म्हणजे काय झाले हे वाचकाला आधीच कळते आणि कुतूहलाची जागा कारणमीमांसा घेते. तिची नायिका जमीनदाराची मुलगी नाही आणि मजुराचीही नाही. ती जमीनदाराच्या कारभाऱ्याची मुलगी आहे. मधल्या पायरीवरच्या या जागेवरून मालकाचा दिवाणखाना आणि नोकरांची कोठडी दोन्ही दिसतात. हत्याकांडाचे दुःख यत्किंचितही कमी न करता ते घडण्यापूर्वीची जमीन कशी तापत गेली, याचा प्रत्यय ही रचना देते.

३

मराठी ब्राह्मण समाजापाशी हुतात्मचरित्रांचा असा कोणताही साचा नव्हता. किंबहुना १९४८ च्या प्रसंगी शोक करण्याचा सार्वजनिक अधिकारच त्याला उरला नव्हता. साऱ्या देशाचा शोक गांधींसाठी होता आणि मारेकरी स्वजातीचा होता. काही ठिकाणी पेढे वाटल्याची वार्ता गावोगाव पसरली. ती खरी कुठे आणि खोटी कुठे याचा शोध घेण्याइतका अवकाश जमावाला नव्हता. अशा स्थितीत आपल्या जळालेल्या घराविषयी बोलणे म्हणजे मोठ्या शोकासमोर आपला लहान शोक मांडणे, आणि त्याहून वाईट म्हणजे मारेकऱ्याच्या पंगतीला जाऊन बसणे, असे वाटण्याजोगी परिस्थिती होती. या घटनेविषयीच्या वाङ्मयीन मौनाचे एक कारण येथे आहे. मॉरीन पॅटरसन या अमेरिकी अभ्यासक महिलेने चित्पावनांच्या बदलत्या स्थितीविषयी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात १९४८ चा प्रसंग केंद्रस्थानी घेतला, तेव्हा त्या घटनेला चाळीस वर्षे झाली होती.

मौनाचे दुसरे कारण अधिक खोल आहे. मेनोनाइट हे भोवतालच्या शेतकऱ्यांहून धर्माने, भाषेने आणि वस्तीने वेगळे होते; त्यांची वसाहत हे एक बंदिस्त जग होते. देशावरचा खेड्यातला ब्राह्मण मात्र गावगाड्याच्या आत होता. त्याची भाषा तीच, ग्रामदैवत तेच, यात्रा तीच. कुलकर्ण्याचे दप्तर, जोशाचे पंचांग आणि सावकाराची वही या तीन गोष्टींमुळे तो गावाच्या रोजच्या व्यवहारात गुंतलेला होता आणि त्याच तीन गोष्टींमुळे गावाच्या रोषाचा विषयही होता. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तेथील सावकार बहुतांशी मारवाडी-गुजर होते. तरी कागद जाळण्याची ती कृती पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. महात्मा फुले यांनी 'ब्राह्मणाचे कसब' (१८६९) पासून 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) पर्यंतच्या लेखनात भट आणि कुलकर्णी यांच्याकडून होणाऱ्या नाडणुकीचे सविस्तर चित्र रेखाटले. सत्यशोधक चळवळीने हा विचार सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांत नेला. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त केली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेला समांतर कारभार उभा केला. त्यामुळे १९४८ ची ठिणगी कोऱ्या जमिनीवर पडली नव्हती.

मात्र हा पूर्वेतिहास सांगणे आणि जळिताचे समर्थन करणे या भिन्न गोष्टी आहेत. चळवळींनी व्यवस्थेवर बोट ठेवले होते. जमावाने घरांवर हात टाकला. मारेकरी चित्पावन होता, पण माणदेशातील ज्या घरांना आग लागली ती बहुतांशी देशस्थांची होती. सावकार आणि भिक्षुक, गर्भश्रीमंत आणि कंगाल, गांधीविरोधक आणि बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला, असा भेद आगीने केला नाही. जात हीच पुरेशी ओळख ठरली. जमावाच्या न्यायात व्यक्ती नाहीशी होते, आणि ती पुन्हा दृश्यमान करणे हे कादंबरीचे स्वाभाविक कार्य असते.

४

माडगूळकरांचे स्थान या संदर्भात विशेष आहे. १९२७ मध्ये औंध संस्थानातील माडगूळ येथे एका सामान्य कुलकर्णी घराण्यात त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या चळवळीत ते स्वतः उतरले होते. 'माणदेशी माणसं' (१९४९) या संग्रहातून त्यांनी रामोशी, धनगर, महार, मुलाणी अशा गावगाड्यातील नानाविध माणसांना जिव्हाळ्याने शब्दरूप दिले. जळिताच्या अगोदर आणि नंतर ज्या समाजाचे चित्रण त्यांनी प्रेमाने केले, त्याच समाजातून जमाव निर्माण झाला होता. त्यामुळे 'वावटळ'मधील 'दुसरा' हा लेखकाला अपरिचित नाही. तो त्याच्या उत्तम लेखनाचा विषय राहिलेला आहे. मेनोनाइट लेखकाला दुसऱ्याचा परिचय करून घ्यावा लागतो. माडगूळकरांना परिचिताचे अपरिचित होणे सांगायचे आहे.

कादंबरीची रचना प्रवासाची आहे. पुण्यात राहणारा माणदेशी ब्राह्मण तरुण गांधीहत्येनंतरच्या वातावरणात आपल्या मित्रांसह गावाकडे निघतो. गाव ही मराठी ग्रामीण साहित्यातील आश्रयाची जागा. शहरात बिनसले की माणूस गावाकडे वळतो. येथे हाच संकेत उलटा होतो. गाव जसजसे जवळ येते तसतशी भीती वाढते. ओळखीच्या वाटेवर जळिताच्या खुणा दिसू लागतात आणि प्रत्येक मुक्काम पुढच्या मुक्कामाविषयी अनिश्चितता वाढवितो. बातमी माणसाच्या पुढे धावते, आणि पोहोचणारा नेहमी उशिरा पोहोचतो. या गतीमुळे कादंबरीला दिनलेखासारखी तात्कालिकता प्राप्त होते. नॉयफेल्डच्या लेखनाप्रमाणेच येथेही निवेदकाला हुतात्मा होण्याइतकी उसंत मिळत नाही.

माडगूळकरांची सुपरिचित संयत शैली येथे नैतिक कार्य करते. आक्रोशाची वाक्ये नाहीत, पल्लेदार विशेषणे नाहीत, तात्पर्याची भाषणे नाहीत. घटना, वस्तू आणि माणसे यांची नोंद तेवढी आहे. अशी नोंद करणारा निवेदक वाचकाकडे न्यायाची मागणी करीत नाही. दुःखाला अलंकार चढविले की ते दाव्यात रूपांतरित होते. दुःखाची केवळ नोंद केली तर ते साक्ष म्हणून राहते. 'वावटळ' हे साक्षीचे लेखन आहे, आणि जातीय तक्रारीच्या पातळीवर ते उतरत नाही याचे कारण लेखकाच्या औदार्यात शोधण्याऐवजी या शैलीच्या शिस्तीत शोधणे अधिक युक्त ठरेल.

तथापि या कादंबरीचा कळीचा प्रश्न तिच्या शीर्षकात आहे. वावटळ हा निसर्गाचा व्यापार आहे. ती येते, गरगरते, हाताशी लागेल ते उचलते आणि नाहीशी होते. तिला कर्ता नसतो, हेतू नसतो, स्मृतीही नसते. माणसांनी माणसांच्या घरांना लावलेल्या आगीला हे नाव दिले की कर्तृत्व पुसले जाते. मेनोनाइट लेखनातही वादळ, मृत्यूचे नृत्य, भयाचे दिवस अशा कर्ताहीन प्रतिमा वारंवार येतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांच्याबरोबर पुन्हा राहायचे असते किंवा ज्यांच्यावर आरोप करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय याविषयी मनात शंका असते, त्यांच्याविषयी बोलताना भाषा निसर्गाकडे वळते. या वळण्यात क्षमा आहे, तशीच पळवाटही आहे. कर्त्याचे नाव न घेतल्यामुळे त्याला दोष लागत नाही, पण त्याला कारणही मिळत नाही. त्याच्या हातात काकडा का आला, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

हा मुद्दा 'बनगरवाडी' (१९५५) शेजारी ठेवला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. तेथेही गावाबाहेरून आलेला शिकलेला तरुण आहे, तोही वाट तुडवीत वस्तीकडे जातो. धनगरांच्या त्या वाडीत तो हळूहळू सामावला जातो, शाळा सुरू करतो, सगळ्यांच्या श्रमाने तालीम उभी राहते, आणि अखेरीस दुष्काळ पडून वाडी उठून जाते. दोन्ही कादंबऱ्यांत एक वस्ती उजाड होते. परंतु 'बनगरवाडी'त निसर्ग हे उजाड होण्याचे प्रत्यक्ष कारण आहे, तर 'वावटळ'मध्ये निसर्ग हे त्या कारणाच्या जागी ठेवलेले रूपक आहे. पहिल्या कादंबरीत ज्या दृष्टीने पाहिले की सगळे नेमके दिसते, तीच दृष्टी दुसऱ्या कादंबरीत जशीच्या तशी वापरली की काही महत्त्वाचे निसटते. दुष्काळाला प्रतिप्रश्न करता येत नाही. जमावाला करता येतो. माणसाचे सोसणे टिपण्यात निष्णात असलेली माडगूळकरांची प्रतिभा माणसाचे करणे टिपण्याच्या प्रसंगी थबकते, असे या तुलनेवरून म्हणावे लागते.

येथेच थांबणे मात्र अन्यायाचे होईल, कारण रूपकात लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक अर्थ साठलेला असतो. माणदेशाच्या कोरड्या मुलुखात वावटळ कुठून येते, हे तेथील माणसाला ठाऊक आहे. ती समुद्रावरून येणाऱ्या वादळासारखी बाहेरून येत नाही. ऊन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि धुळीचा खांब उभा राहतो. म्हणजे वावटळ ही त्या जमिनीचीच निर्मिती असते. जितका ताप अधिक तितकी ती उंच. या अर्थाने शीर्षक वाचले तर ते कर्त्याला लपवीत असले तरी तापलेल्या जमिनीकडे निर्देश करते. प्रश्न एवढाच उरतो की कादंबरीच्या देहात ही जमीन कितपत आली आहे. उत्तर संमिश्र आहे. निवेदक ज्या वाटेने जातो ती वाट, तिच्यावरची गरिबी, माणसांच्या नजरा यांतून ताप जाणवतो. पण तापाचा इतिहास, म्हणजे वही, वतन आणि पंगत यांचा इतिहास, निवेदकाच्या वर्तमानकेंद्री दृष्टीच्या बाहेर राहतो. जी तात्कालिकता त्याला हुतात्मा होण्यापासून वाचविते, तीच त्याला इतिहासकार होऊ देत नाही. कादंबरीचे बळ आणि तिची मर्यादा अशा रीतीने एकाच रचनातत्त्वातून उद्भवतात.

५

दक्षिण कोकणातील साहित्याने 'वावटळ'सारखी कृती का निर्माण केली नाही, याचा विचार येथे उद्‌बोधक ठरतो. नांदगाव-कणकवलीपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंतचा जो प्रदेश १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जातो, तो तत्पूर्वी रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता, आणि खोत व कूळ यांच्यातील तणाव हा त्या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा कणा होता. हा तणाव देशावरच्यापेक्षा सौम्य नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. उत्तरेकडे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. परंतु खोत हे केवळ ब्राह्मण नव्हते. मराठा आणि मुसलमान खोतही होते. त्यामुळे जमिनीचा रोष एका जातीच्या नावावर सहज गोळा होण्याजोगा नव्हता. शिवाय गावातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि गाव मनिऑर्डरीवर, अशी या मुलुखाची स्थिती होती. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली.

याचा परिणाम साहित्यरूपावर झालेला दिसतो. जयवंत दळवी यांच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये जुन्या गावातील वल्ली एकेक करून काळाच्या पडद्याआड जातात आणि विनोदाच्या पोटात ऱ्हासाची जाणीव वाहत राहते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) आणि 'कोंडुरा' (१९६६) या कादंबऱ्यांत हाच ऱ्हास दैव, वासना आणि शाप यांच्या भाषेत बोलतो. कोकणातल्या या लेखनात घर जळत नाही. ते वाळवीने पोखरले जाते. येथेही कारणाच्या जागी निसर्ग किंवा दैव येतेच. म्हणजे कर्ताहीन रूपकाची ओढ ही एकट्या 'वावटळ'ची त्रुटी नाही. सत्ता गमावणाऱ्या घराण्यांचे कथन करताना मराठी कादंबरीने वारंवार पत्करलेला तो मार्ग आहे. देशावर त्याला वावटळ म्हटले गेले, कोकणात त्याला नियती म्हटले गेले.

मुंबई कूळकायदा १९४८ च्याच वर्षीचा आहे, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कूळ हेच कसत्या जमिनीचे मालक मानले गेले. जळिताने ज्यांना गावाबाहेर काढले आणि कायद्याने ज्यांची जमीन गेली, ते बहुधा एकच लोक असल्यामुळे स्मृतीत या दोन घटना एकमेकींत मिसळून गेल्या. 'आमचे गाव सुटले' या एका वाक्यात आग आणि सुधारणा एकत्र आल्या. समीक्षेने त्या वेगळ्या करावयास हव्यात. आग हा अन्याय होता. कसणाऱ्याला जमीन मिळणे हा न्याय होता. दोन्हींमुळे झालेले दुःख एकाच मनाला एकाच वेळी झाले असले, तरी त्यांची नैतिक किंमत एक नाही. या दोहोंतील फरक दुःख भोगणाऱ्याच्या मनात कसा उमटतो किंवा कसा दडपला जातो, हा मराठी कादंबरीला अद्याप पुरतेपणी न सापडलेला विषय आहे.

बर्डसेल यांच्या कादंबरीशी केलेली तुलना येथे फलदायी ठरते. त्यांच्या मातुल घराण्याने भोगलेल्या आपत्तीनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी आणि दुसऱ्या खंडात ती लिहिली गेली. ज्यांनी घाव घातला त्यांच्या शेजारी राहण्याची सक्ती लेखिकेवर नव्हती, त्यामुळे कारभाऱ्याच्या मुलीच्या नजरेतून मालक आणि मजूर या दोघांकडेही पाहण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. माडगूळकरांनी घटनेनंतर सोळा वर्षांनी, त्याच समाजात राहून लिहिले. त्यांच्या संयमामागे पुन्हा एकत्र राहण्याची निकड आहे, आणि त्या निकडीची किंमत त्यांच्या रूपकाने चुकती केली आहे. अंतर मिळालेल्या लेखिकेला जे साधले ते अंतर नसलेल्या लेखकाला साधले नाही, म्हणून त्याला उणे लेखणे योग्य होणार नाही. पण त्यानंतरच्या मराठी लेखकांना हे अंतर मिळाले होते, हेही नाकारता येत नाही.

'वावटळ' ही म्हणूनच अर्ध्या सत्याची प्रामाणिक कादंबरी आहे. तिचे दुसरे अर्धे सत्य तिच्या आत नाही. ते फुल्यांच्या गद्यात, सत्यशोधकांच्या जलशांत आणि पुढे दलित आत्मकथनांत विखुरलेले आहे. आजवर या दोन परंपरा दोन निरनिराळ्या वाचकवर्गांनी वाचल्या. एकाने जळालेल्या घराचे दुःख जपले, दुसऱ्याने त्या घरासमोर वाकावे लागल्याचे. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही एक 'ग्रामीण साहित्य' आणि दुसरी 'प्रबोधनाचे वाङ्मय' अशा स्वतंत्र कप्प्यांत राहते. त्यांचे एकत्र वाचन केल्याने एकीचे दुःख दुसरीच्या दुःखातून वजा होणार नाही. जळालेल्या घरातील वही कोणाच्या नावाची होती हे कळल्याने घर जाळणे न्याय्य ठरत नाही, आणि घर जळाले म्हणून वहीतले आकडे खरे ठरत नाहीत. या दोन विधानांचा भार एकाच वेळी पेलणारे वाचन घडवणे हे समीक्षेचे काम आहे. तो भार एकाच संहितेत पेलणारी मराठी कादंबरी लिहिली जाईल तेव्हा 'वावटळ' तिची पूर्वसूरी म्हणून ओळखली जाईल, कारण निष्पापतेचा दावा न करता दुःख सांगता येते, हे मराठीत प्रथम तिने सिद्ध केले.